भाठ्यावरच्या शिळा

भिलाईच्या दक्षिणेला, आजच्या बालोद जिल्ह्यात, लोहयुगातल्या दफनभूमी आहेत. करकाभाट, करहीभदर, सोरर, मुजगहन अशा गावांच्या शिवारांत त्या विखुरलेल्या आहेत. जमिनीत उभ्या रोवलेल्या शिळा, मोठ्या धोंड्यांनी आखलेली वर्तुळे आणि दगडगोट्यांच्या राशी असे त्यांचे रूप. अभ्यासक त्यांना महापाषाणीय किंवा बृहदश्मयुगीन दफने म्हणतात; विदर्भात अशा जागांसाठी शिळावर्तुळे हे नाव रुळले आहे. हे अवशेष सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले मानले जातात. तेव्हापासून दर उन्हाळ्यात वावटळी आणि दर पावसाळ्यात मुसळधार सरी त्यांच्यावरून गेल्या आहेत. वादळवाऱ्याने अशा दफनभूमीचे नेमके काय बिघडते आणि बिघडलेले कसे सावरावे, हे समजून घ्यायला भिलाई ते करकाभाट ही वाट चांगली आहे.

भिलाईची ओळख लोखंडाची. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या पोलाद कारखान्यासाठी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज बालोद जिल्ह्यातल्याच दल्ली राजहराच्या खाणींतून आले. दुर्गहून दल्ली राजहराकडे जाणारी रेल्वे मरोदा, गुंडरदेही, बालोद अशी स्थानके घेत दक्षिणेला उतरते. रस्ताही साधारण त्याच दिशेने जातो. बालोद साठेक किलोमीटरवर आहे. तिथून धमतरीकडे वळले की करहीभदर आणि करकाभाट लागतात. आधुनिक पोलादाचा कच्चा माल ज्या मुलखातून येतो, त्याच मुलखात लोखंड वापरणाऱ्या आद्य समाजांनी आपले मृत पुरले.

वाटेत जमीन बदलत जाते. छत्तीसगढी शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. पहिल्या तिन्ही धानाच्या कामाच्या, त्यात कन्हार सर्वांत भारी. भाठा म्हणजे उंचवट्यावरची लालसर, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. नांगर तिच्यात फारसा चालत नाही, म्हणून ती चराईला पडून राहते. करकाभाट या नावातही तो शब्द ऐकू येतो. दफनभूमी टिकल्या त्या मोठ्या प्रमाणात अशा पडीक जमिनीमुळे. मात्र पडीक जमिनीवर मुरूम उपसणाऱ्यांचाही डोळा असतो, आणि तिथूनच आजची अडचण सुरू होते.

मराठी वाचकाला या भागाचा इतिहास परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर बसला आणि बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. पुढे इंग्रजी अमदानीतला मध्यप्रांत आणि स्वातंत्र्यानंतरचा जुना मध्य प्रदेश, दोन्हींची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कागद नागपूरला जात असे. त्याच सुमारास, १९५६-५७ मध्ये, डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यातल्या धनोरा येथील शिळा-दफनांचे उत्खनन केले. सिरपूरच्या उत्खननामुळे आणि प्राचीन मणी व काच यांवरच्या अभ्यासामुळे दीक्षितांचे नाव आदराने घेतले जाते. धनोऱ्याच्या कामाची आठवण मात्र कमी जणांना असते. धनोऱ्याला सुमारे ५०० शिळा-स्मारके चार गटांत पसरलेली नोंदली गेली. करकाभाटचे उत्खनन १९९०-९१ मध्ये अरुणकुमार शर्मा यांनी केले. शर्मांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली.

या दफनभूमींचे सगेसोयरे विदर्भात आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीला एकोणिसाव्या शतकातच रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने शिळावर्तुळे खणली आणि तिथल्या धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे उत्खनने केली. माहुरझरीत माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले. घोड्याच्या तोंडातला लोखंडी लगाम आणि कपाळावर बांधायची तांब्याची आभूषणेही मिळाली. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच निघाली. भट्टीबरोबर लोहमळी आणि भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या होत्या. ज्यांची दफने आज आपण पाहतो त्यांना खनिज ओळखता येत होते, तापमान सांभाळता येत होते आणि घोड्यावर स्वारी करता येत होती. एवढे कळते ते कबरीत वस्तू जिथे ठेवल्या होत्या तिथेच त्या सापडल्या म्हणून. लगाम घोड्याच्या कवटीशी मिळाला तर तो पुरावा; शेजारच्या ओढ्यात मिळाला तर नुसता गंजका तुकडा.

म्हणून आधी दफनाची बांधणी समजली पाहिजे. शिळावर्तुळात बाहेरच्या बाजूला मोठे धोंडे कड्यासारखे मांडलेले असतात. आत माती आणि दगडगोट्यांचा भराव असतो. तो मध्यभागी उंच आणि कडेला उतरता होत जातो. भरावाच्या खाली अस्थी, मडकी, लोखंडी हत्यारे आणि दागिने असतात. बाहेरचे कडे शोभेसाठी नव्हते. ते भरावाला धरून ठेवते, विहिरीच्या कठड्याने भोवतालची माती धरावी तसे. उभ्या शिळेची गोष्ट निराळी. ती खड्ड्यात रोवलेली असते आणि तिच्या बुडाशी लहान दगडांच्या पाचरी मारलेल्या असतात. शिळेचे सगळे वजन त्या पाचरींच्या भरवशावर असते. चुना नाही, गारा नाही. अशी रचना अडीच हजार वर्षे टिकते, कारण पाणी तिच्यातून निचरून जाते आणि ती थोडी हलूही शकते. पण धोंड्यांपैकी एक सरकला, किंवा पाचरींतली माती वाहून गेली, की पुढची घसरण थांबत नाही.

करकाभाटला पोचल्यावर माझे लक्ष आधी उभ्या शिळांनीच वेधले. राशी ओळखायला वेळ लागला. गवतातला उंचवटा, त्याच्या कडेने ठरावीक अंतराने डोकावणारे धोंडे, आणि मग अचानक पायाखालच्या जमिनीला गोल आकार येतो. एकदा तो दिसला की शेजारचा, त्याच्या पलीकडचाही दिसू लागतो. ज्याला हा आकार ओळखता येत नाही त्याच्या लेखी ते रस्त्याच्या कामाला उपयोगी पडणारे दगड आहेत, एवढेच.

छत्तीसगढच्या मैदानात वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ओडिशाचा किनारा ओलांडून आत येतात आणि दोन-तीन दिवस सलग झड लावतात. त्याआधी, एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर अंधड उठतो. धूळ, विजा, गारा आणि तासाभरात संपणारा जोराचा पाऊस. अंधडाचा वारा शिळेला थेट क्वचितच पाडतो. तो झाड पाडतो आणि झाड शिळा पाडते.

वर्तुळात पळस, मोह किंवा तेंदू सहज उगवतो, कारण भरावातल्या दगडांच्या सांदीत ओल टिकते आणि त्या राशीवर कोणी नांगर घालत नाही. झाडाची मुळे दगडगोट्यांभोवती आवळत जातात. झाड उभे असते तोवर हीच मुळे माती धरून ठेवतात. ते वाऱ्याने उन्मळले की मुळांच्या जाळ्यासकट जमिनीचा एक मोठा गोल पापुद्रा उभा राहतो. हा पापुद्रा जवळून पाहण्यासारखा असतो. वरच्या बाजूला गवताची काळपट मुळे, खाली लाल मुरूम, मध्ये मुठीएवढे आणि डोक्याएवढे दगड जबड्यातल्या दातांसारखे अडकलेले. खाली तयार झालेल्या खड्ड्यात पहिल्या पावसाचे पाणी साचते. पुढच्या दोन-चार दिवसांत मुळांत अडकलेली माती गळू लागते आणि तिच्याबरोबर खापरांचे तुकडे खाली पडतात. अडीच हजार वर्षे एका जागी असलेले खापर त्या क्षणी आपली जागा गमावते. कोणत्या थरातले, कोणत्या बाजूचे, अस्थींच्या डोक्याशी ठेवलेले की पायाशी, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

झडीच्या पावसाचे नुकसान सावकाश होते, म्हणून त्याची बातमी होत नाही. भाठ्यावर पाणी मुरते कमी आणि वाहते जास्त. वर्तुळाच्या उताराकडच्या अंगाला आधी बोटभर रुंद घळ पडते. गुरांची वाट तिथूनच जात असेल तर खुरांनी ती रुंदावते. मग कड्यातला एक धोंडा बाहेरच्या बाजूला कलतो आणि त्याने अडवलेला भराव त्या फटीतून निसटू लागतो. मुरूम काढण्यासाठी शेजारी खड्डा खणला असेल तर हा वेग कितीतरी वाढतो, कारण पाण्याला उतरायला नवी, खोल वाट मिळते. वादळाने झालेले आणि माणसाने केलेले नुकसान असे एकमेकांत मिसळलेले असते. खड्डा माणूस खणतो, माती पाऊस नेतो, आणि दोष मात्र पावसावर जातो.

सर्वांत मोठे नुकसान वादळानंतरच्या आठवड्यात होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पडलेले झाड हलवायला ट्रॅक्टर आणि साखळी येते. बुंधा ओढला जातो आणि तो ओढताना वर्तुळाचे दोन-तीन धोंडे बरोबर निघतात. जेसीबी आला तर मुळाचा पापुद्रा उचलून खड्ड्यात लोटतो आणि वरून सपाट करून देतो. जागा स्वच्छ दिसते. करणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो, वाट मोकळी करायची असते. पण वादळाने विस्कटलेली रचना वाचता तरी येत होती. सपाट केल्यावर वाचायलाच काही उरत नाही.

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शिळावर्तुळाचा अनुभव इथे उपयोगी पडतो. इंग्लंडमधले स्टोनहेंज ही सुद्धा मुळात दफनभूमी आहे. तिथे दहन केलेल्या अस्थी पुरलेल्या सापडल्या आहेत. १७९७ च्या जानेवारीत तिथला एक तीन शिळांचा प्रचंड संच, दोन उभ्या आणि त्यांवरची आडवी, कोसळला. ३१ डिसेंबर १९०० च्या वादळात बाहेरच्या वर्तुळातली २२ क्रमांकाची शिळा तिच्यावरच्या आडव्या शिळेसह पडली. पडलेल्या शिळा लगेच उभ्या करण्याची घाई तेव्हा झाली नाही. १९०१ मध्ये विल्यम गोलंड यांनी, पडण्याच्या बेतात असलेली ५६ क्रमांकाची कललेली शिळा सरळ केली. ते धातुशास्त्रज्ञ होते आणि जपानच्या टांकसाळीत त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली होती. शिळा हलवण्याआधी तिच्या बुडाची माती त्यांनी थोड्या थोड्या चौकोनांत काढली, चाळली आणि प्रत्येक वस्तू कुठे मिळाली ते लिहून ठेवले. १७९७ चा संच आणि १९०० ची शिळा पुन्हा उभ्या राहिल्या त्या १९५८ मध्ये. मग १९६३ च्या वाऱ्यात शेजारची २३ क्रमांकाची शिळा पडली आणि १९६४ मध्ये ती उभारली गेली. प्रत्येक शिळेला क्रमांक होता, जुनी चित्रे होती, मोजमापे होती. म्हणून दीडशे वर्षांपूर्वी पडलेला दगडही आपल्या जागी परत गेला.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण कोलकात्याचे. १७६७ मध्ये सुरू झालेली तिथली साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी दाट झाडीसाठी ओळखली जाते. विल्यम जोन्स आणि हेन्री डेरोझिओ यांच्या कबरी तिथे आहेत. २० मे २०२० च्या अम्फान चक्रीवादळात तिथली झाडे उन्मळून पडली आणि कबरींचे नुकसान झाले. तिथल्या कबरी विटा आणि चुन्याच्या, उंच मनोऱ्यांसारख्या. त्यांवर झाड पडले की तडा दिसतो आणि तो सांधताही येतो. त्यांवर नावे कोरलेली आहेत, दफनांच्या नोंदवह्या आहेत. भाठ्यावरच्या राशीवर नाव नाही. तिची ओळख म्हणजे तिचा आकार आणि तिची जागा, एवढेच. म्हणून तिच्याबाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते.

स्मारकांच्या दुरुस्तीबाबत १९६४ च्या व्हेनिस सनदेने घालून दिलेला नियम साधा आहे. उत्खनित जागी नवे बांधकाम करायचे नाही. निखळलेले मूळ दगड मूळ जागी बसवणे तेवढे मान्य. आणि जिथून अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. शिळावर्तुळाला हा नियम चपखल लागू पडतो. पडलेल्या शिळेच्या बुडाशी रोवणीचा खड्डा आणि पाचरींचे दगड दिसत असतील, तर ती कुठे आणि कोणत्या तोंडाने उभी होती हे नक्की सांगता येते. ते दिसत नसतील तर शिळा आडवी राहिलेली बरी.

प्रत्यक्ष काम कसे करावे, हेही अवघड नाही. पडलेल्या झाडाला हात लावण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यायची, शेजारी मोजपट्टी किंवा माणूस उभा करून. धोंड्यांना खडूने क्रमांक द्यायचे, रंगाने कधीच नाही. सुतळी आणि खुंट्यांनी चौकोन आखून साधा आराखडा काढायचा. आता ड्रोन असेल तर तासाभरात तो मिळतो. मग झाड फांद्यांकडून कापत यायचे आणि बुंध्याचे ओंडके करून हाताने बाहेर न्यायचे. ओढायचे नाही. मुळाचा पापुद्रा पुन्हा आपल्या जागी बसत असेल तर बुंधा छाटताच तो पुष्कळदा स्वतःच्या वजनाने मागे कलतो. त्याला तसे बसू द्यायचे आणि मुळे जमिनीतच कुजू द्यायची. बसत नसेल तर त्यातली माती पुरातत्त्वाच्या माणसासमोर चाळायची. खड्डा भरायला त्याच जागेची माती वापरायची, बाहेरचा मुरूम नाही, कारण उद्या खणणाऱ्याला थर वेगळे ओळखता आले पाहिजेत. कललेली शिळा सरळ करायची तर तिकाटणे, साखळीची कप्पी, शिळेला लपेटलेले गोणपाट आणि भरपूर वेळ लागतो. बुडाशी सिमेंट ओतायचा मोह टाळावा. काँक्रीटच्या बुडाभोवती पाणी अडते, निचरा बंद होतो आणि शिळेचा पाय सतत ओला राहतो. पाचरी दगडाच्याच हव्यात.

घळींसाठी शेतकऱ्याला ठाऊक असलेलेच उपाय चालतात. पाणी वर्तुळाच्या वरच्या अंगालाच वळवायचे, उतारावर गवत राखायचे, गुरांची वाट दहा पावले बाजूला न्यायची. वर्तुळातली रोपटी मनगटाएवढी होण्याआधी जमिनीलगत कापायची, उपटायची नाहीत. मोठे झाड असेल तर त्याच्या फांद्या मेच्या आधी हलक्या केल्या की वाऱ्याला धरायला कमी मिळते. यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही. लागते ते दरवर्षी, न चुकता, कोणीतरी तिथे जाऊन पाहणे.

कायद्याचा आधार आहे, पण तो ठरावीक जागांना. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. शिवारात विखुरलेल्या शेकडो राशींपैकी प्रत्येकीला असे कुंपण मिळणे शक्य नाही. तिथे उपयोगी पडतो तो पटवाऱ्याचा नकाशा. कोणत्या खसरा क्रमांकात किती वर्तुळे आहेत हे महसुली नोंदीत चढले, तर मुरुमाची परवानगी देणाऱ्याला ती दिसतील.

छत्तीसगढच्याच दक्षिणेला, बस्तरमध्ये, मृतासाठी शिळा उभारण्याची रीत अलीकडच्या काळापर्यंत चालत आली आहे. दिलमिली आणि गमेवाडा इथली ‘उरसकल’ म्हणजे अशा स्मारकशिळांची ठिकाणे केंद्र-संरक्षित आहेत. महाराष्ट्रात गडचिरोलीतल्या माडिया समाजातही मृतांसाठी शिळा उभारतात. त्या शिळेखाली कोण आहे हे घराला माहीत असते. करकाभाटच्या शिळांचे वारस कोण, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही; त्यामुळे त्या जवळच्या गावांच्या आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या जबाबदारीवर आहेत.

भिलाईत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि करकाभाट त्यांच्यापासून दोन तासांच्या आत आहे. तिथे जावे, हिवाळ्यात जावे, गवत वाळलेले असताना वर्तुळे नीट दिसतात. दगड उचलू नये, एकावर एक रचू नये, खापर खिशात घालू नये. उन्हाळ्याच्या अंधडानंतर पुन्हा एकदा जावे आणि झाड पडलेले दिसले तर छायाचित्र काढून त्याच दिवशी सरपंचाला आणि रायपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवावे. ट्रॅक्टर येण्याच्या आधी.